तुला कोणी फिरवलं?

जुनिपर वेल्समध्ये एखादा माणूस आपला की परका हे ठरवायला आडनाव विचारत नाहीत. अर्ध्या गावाचं आडनाव जेप्सन आणि उरलेल्या अर्ध्याची आजी जेप्सनांची, तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही नाही. तिथे विचारतात, "तुला कोणी फिरवलं?"

फिरवलं म्हणजे दरीच्या कडेवर. गावाच्या दक्षिणेला कच्च्या रस्त्याने हाडं खिळखिळी करत गाडी हाकली की आधी गवत संपतं, मग सेजची झुडपं विरळ होतात, मग रस्ताही कंटाळून एका तारेच्या कुंपणापाशी थांबतो. तिथून पायी थोडंसंच चालायचं आणि मग जमीनच संपते. खाली कोलोरॅडो नदी. नकाशात त्या जागेला काहीतरी मोठं नाव आहे. गाव तिला नुसतं 'कड' म्हणतं.

पहिल्यांदा येणाऱ्याने कडेकडे तोंड करून जायचं नाही, ही तिथली रीत. शेवटचा उघड्या खडकाचा टप्पा पाठमोरं चालायचं, आपल्याला आणणाऱ्याचे हात धरून. कडेच्या थोडं अलीकडे खडकात एक पांढरी रेघ आहे. तिथे पोचलं की आणणारा थांबवतो, 'आता' एवढा एकच शब्द म्हणतो आणि खांद्याला धरून फिरवतो. जन्मात एकदाच. मुलाला बाप फिरवतो, मुलीला आई आणि बाहेरून आलेल्या सुनेला सासू. आणि ज्याला स्वतःला कोणी फिरवलंय, त्यानेच दुसऱ्याला फिरवायचं. बाकी वेगमर्यादा असो की शिकारीचा हंगाम, नियम मोडताना हे गाव मागेपुढे पाहत नाही. पण हा नियम मोडल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं.

रोंडा जेप्सनला कोणीच फिरवलेलं नव्हतं. लग्न होऊन आल्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

रोंडा आयोवाची. मक्याच्या सपाट मुलखातली, जिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे धान्याची कोठी. डेल्विन जेप्सन तिकडे ट्रॅक्टर दुरुस्ती शिकायला गेला आणि शिक्षण अर्धवट टाकून बायको घेऊन परतला. या गावात धर्मात वर्ज्य म्हणून कॉफी पीत नाहीत, हे तिला सांगायचं मात्र तो विसरला. सासूने दारातच सुनेच्या काखेतला थर्मास पाहिला. तोंडाने काही म्हटलं नाही, पण संध्याकाळपर्यंत गावात रोंडाचं नाव 'कॉफीवाली' पडलं होतं आणि ते अजून टिकून आहे.

सासूचं नाव अर्व्हिला. उंच, काटक, कमी बोलणारी बाई. जे बोलायची ते सुईच्या टोकासारखं. पहिल्याच वर्षी रोंडाने मोठ्या उत्साहाने विचारलं होतं की कडेवर कधी जायचं. अर्व्हिला म्हणाली, येत्या वसंतात. वसंत आला तर गायी व्यायला लागल्या. पुढच्या वसंतात पुराने रस्ता वाहून नेला. त्याच्या पुढच्या वसंतात गुडघा दुखत होता, आणि पुढे गुडघ्याने कायमचीच साथ दिली. अर्व्हिलाने शब्द कधी मोडला नाही, फक्त पुढे ढकलला. काही वर्षांनी रोंडाने विचारणं सोडलं आणि सासूला 'मदर जेप्सन' म्हणणं चालू ठेवलं. त्यातला 'जेप्सन' कधी गळून पडला नाही.

डेल्विनची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. तो गुपचूप म्हणायचा, चल, मी नेतो, कोणाला कळतंय. रोंडा म्हणायची, मला कळेल ना. पाहुणे यायचे, वाट चुकलेले प्रवासी यायचे, पेट्रोल भरता भरता विचारून कडेवर जाऊन यायचे आणि तिलाच वर्णन करून सांगायचे. ती ऐकून घ्यायची. तिच्या मनाने एकच हट्ट धरला होता. जी रीत सगळ्यांना लागू आहे ती मलाही लागू होईल, नाहीतर मी ती जागा बघणारच नाही. असा हट्ट करून माणूस स्वतःचंच नुकसान करतो, हे कळत असूनही करतो.

मुलगा टेट आठ वर्षांचा झाला तेव्हा डेल्विन त्याला फिरवायला घेऊन गेला. रोंडा कुंपणापर्यंत गेली आणि ट्रकमध्ये बसून राहिली. बाप आणि पोर लहान लहान होत दिसेनासे झाले. ऊन चढलं. मग पोरगा एकटाच पळत आला, ट्रकमध्ये चढला आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून पडून राहिला.

"आई, तिथे खूप आहे," तो शेवटी म्हणाला.

"काय खूप आहे?"

त्याने विचार केला. "सगळंच."

त्या दिवशी परतताना रोंडा खिडकीबाहेर बघत रडली. तिला सासूचा राग आला तो तेव्हा, आणि तो राग तिने नीट जपून ठेवला.

आता तोच टेट लग्न करणार होता. मुलगी पोर्टलंडची, मार्गो नावाची, हसरी, पावसाळी गावातली. पानगळीत लग्न होतं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्याचा फोन आला. रोंडा पीचचा मुरंबा ढवळत होती म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"आई, मार्गोला तू फिरवशील ना? तिने आत्तापासून सरावाला सुरुवात केलीय. घरात पाठमोरी चालते आणि फ्रिजवर आपटते."

रोंडा हो म्हणाली. फोन ठेवला आणि पळी हातात तशीच धरून उभी राहिली. हो म्हणणं सोपं होतं. पण ती मार्गोला कसली फिरवणार? तिला कोणी फिरवलं होतं? सासू एकोणनव्वद वर्षांची, येत्या सोमवारी सेंट जॉर्जच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होती. एकदा तिकडे गेल्यावर तिला कडेवर कोण आणणार होतं? म्हणजे आता रोंडाही म्हणणार, येत्या वसंतात. मग वासरं येतील, मग रस्ता वाहून जाईल, मग गुडघा आहेच. मार्गोही एक दिवस ट्रकमध्ये बसून राहील आणि राग जपून ठेवील. हे चित्र रोंडाला इतकं स्पष्ट दिसलं की मुरंबा तळाला लागला.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी अर्व्हिला पीच सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी रोंडा खाली आली तर अर्व्हिला नवऱ्याची जुनी हॅट घालून, काठी टेकून दाराशी उभी होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे?"

"कडेवर."

डेल्विनचा चमचा तोंडाशीच थांबला. मग तो बूट शोधायला लागला. अर्व्हिलाने त्याला बसायला सांगितलं. बायकांचं काम आहे, म्हणाली, तू ओट्स खा. साठीच्या माणसाने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि ओट्स खाल्ले.

रस्ताभर अर्व्हिला बोलत होती, हे एक नवलच. शेजाऱ्याने कुंपण किती वाईट ओढलंय, रोंडा किती जोरात गाडी चालवते, बिशपच्या पोराला किती लवकर टक्कल पडलं. रोंडा हूं हूं करत होती. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, कारण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला खात्री नव्हती. इतक्या वर्षांनी, जायच्या दोन दिवस आधी बाईला आठवण झाली. उष्टं वाढल्यासारखं वाटत होतं. पण ते नाकारायची ताकदही तिच्यात नव्हती, कारण पोर्टलंडमध्ये एक मुलगी फ्रिजवर आपटत होती.

कुंपणापाशी गाडी थांबली. इथवर रोंडा आली होती, याच्या पुढे कधीच नाही. तिने तारेच्या फाटकाची कडी काढली.

पुढे वाट अशी नव्हतीच. कोरड्या ओढ्याची लाल वाळू, मध्ये मध्ये सपाट खडक आणि दोन्ही बाजूंना काळी खपली धरलेली माती. रोंडाचा पाय जरा बाजूला गेला तशी अर्व्हिलाने काठीने तिच्या बुटावर टकटक केलं.

"खपलीवर पाय देऊ नको. जिवंत असते ती. माझ्यापेक्षा म्हातारी आहे."

"मग बरीच म्हातारी असणार," रोंडा म्हणाली. हे तिच्या तोंडून निसटलं. अर्व्हिला हसली की खोकली ते कळलं नाही.

त्या सावकाश चालत होत्या, दर थोड्या वेळाने थांबत. एका खडकाच्या खळग्यात मागच्या सरीचं पाणी राहिलं होतं, त्यात आकाशाचा तुकडा आणि तांदळाच्या दाण्याएवढे जीव पोहत होते. कुठल्या ओढ्याचं पाणी नाही, कुठल्या तळ्याचं नाही, चार दिवसांत आटणार, तरी त्यांची गडबड चालली होती. रोंडा वाकून बघत राहिली. तिला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं की इथे असं काही असतं. कडेची वर्णनं सगळ्यांनी केली होती, या वाटेचं कोणी केलं नव्हतं. जुनिपरच्या झाडांची निळी फळं, सालीचा धुरकट वास, आणि एवढी शांतता की आपल्या कानातलं रक्त ऐकू यावं.

मग माती संपली आणि उघडा खडक लागला.

"इथून," अर्व्हिला म्हणाली. तिने काठी दंडाला अडकवली आणि दोन्ही हात पुढे केले. रोंडाने कडेकडे पाठ केली, सासूचे हात धरले आणि मागे मागे पावलं टाकायला लागली. कोण कोणाला धरून होतं हे सांगणं कठीण होतं.

पाठमोरं चालणाऱ्याला जग मागे सरकताना दिसतं. रोंडाला आपण आलो तो ओढा दिसत होता, दूरवर ट्रकचा पांढरा ठिपका, त्याच्या मागे पठारांवर पठारं, आणि अगदी जवळ सासूचा चेहरा. इतक्या वर्षांत तिने तो एवढा जवळून आणि एवढा वेळ पाहिला नव्हता. डोळे पाणावलेले आणि रोंडाच्या पायांवर खिळलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाई घाबरलेली आहे, हे रोंडाच्या लक्षात आलं. का, ते कळेना.

मग पाठीला काहीतरी जाणवायला लागलं. आधी वारा. समोरून उन्हाची झळ येत होती आणि पाठीला गारवा लागत होता, खालून वर येणारा, पाण्याचा वास असलेला. या मुलखात पाण्याचा वास म्हणजे अप्रूपच. मग आवाज, अगदी बारीक, एकसारखा, दुसऱ्या खोलीत कोणी हळू बोलत असल्यासारखा. मग आवाजाच्याही मागे एक रिकामपण, इतकं मोठं की तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. पाठीमागे कोणीतरी उभं असेल तर माणसाला न बघता कळतं. तिथे जे उभं होतं त्याला शेवटच नव्हता. तरी रोंडाला पळून जावंसं वाटेना.

"थांब. रेघ आली," अर्व्हिला म्हणाली.

रोंडा थांबली. डोळे मिटून घेतले आणि शब्दाची वाट पाहिली. खाली कुठेतरी एक पक्षी शीळ घालत होता, एकेक सूर जिना उतरत गेल्यासारखा. शब्द येईना.

"मदर जेप्सन?"

तिने डोळे उघडले. अर्व्हिला अजून पायांकडेच बघत होती.

"मला म्हणता येत नाही," ती म्हणाली.

"काय म्हणता येत नाही?"

"तो शब्द. मला कोणी फिरवलेलं नाही, रोंडा."

अर्व्हिला नेवाडातल्या खाणीवरची होती, एवढं रोंडाला माहीत होतं. बाकीचं तिने आता ऐकलं, पाठीला तो गारवा घेऊन. बाप खाणकामगारांची खानावळ चालवायचा. अशा घरातली मुलगी अर्व्हिलाच्या सासूबाईंना, केझाया जेप्सनना, पसंत नव्हती. अर्व्हिलाने विचारलं की त्या म्हणायच्या, येत्या वसंतात. असं करता करता त्या वारल्या. गावाने गृहीत धरलं की मोठ्या सुनेला सासूने फिरवलं असणारच, आणि अर्व्हिलाने गावाला ते गृहीत धरू दिलं. मग एक दिवस सगळे चर्चला गेलेले असताना ती घोडीवर बसून एकटी आली आणि सरळ समोर तोंड करून बघून गेली.

"चोरून खाल्ल्यासारखं झालं," ती म्हणाली. "पोट भरलं, चव कळली नाही."

रोंडाचा तो जपलेला राग वर आला. "एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं? तीस वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला नको होते."

"नको असतीस तर खोटंच फिरवलं असतं," अर्व्हिला म्हणाली, "आणि मोकळी झाले असते."

 रोंडाने ते वाक्य मनात उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. त्यात कुठे खोट सापडेना. ही बाई वर्षानुवर्षं वासरांची, पुराची, गुडघ्याची कारणं सांगत आली, पण जी गोष्ट आपली नाही ती सुनेच्या पदरात टाकली नाही. त्यापायी सून दुरावली तरी चालवून घेतलं. किती मूर्ख बाई, रोंडाला वाटलं, आणि किती सरळ.

"मग आज का आणलंत?"

"त्या पोरीने फ्रिजवर डोकं आपटलं म्हणून. म्हटलं, निदान तुला खरं सांगून जावं. शब्द म्हणता येईल असं वाटलं होतं. इथवर आले आणि जीभ उचलेना."

वारा जरा वाढला. रोंडा अजून पाठ करूनच उभी होती. वळली असती तर तिला कोण अडवणार होतं? पण ती वळली नाही. तिच्या सपाट मुलखातल्या डोक्यात एक साधा प्रश्न आला होता.

"मदर जेप्सन, सगळ्यात पहिल्या माणसाला कोणी फिरवलं?"

"म्हणजे?"

"ज्याला फिरवलंय त्यानेच दुसऱ्याला फिरवायचं. मग पहिल्याला कोणी फिरवलं? कोणीतरी दोघं इथे अशीच उभी असतील ना, दोघंही न फिरवलेली."

अर्व्हिला तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढून.

"एवढ्या मोठ्या गावाला हे सुचलं नाही," ती म्हणाली. "कॉफीवालीला सुचलं."

मग ती काठी टेकत हळूहळू, नजर पायांवर ठेवून, रोंडाच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघींच्या पाठी कडेकडे, तोंडं दूरच्या ट्रककडे. रोंडाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. अर्व्हिलाने रोंडाच्या खांद्यावर ठेवला. कोणी आधी म्हणायचं यावर थोडी घासाघीस झाली, तू म्हण, तुम्ही म्हणा. शेवटी दोघींनी एकदमच म्हटलं, पण अर्व्हिलाचं 'आता' किंचित मागे राहिलं. आणि दोघी वळल्या.

आधी रोंडाला काही दिसलंच नाही. डोळ्यांना कुठे टेकायचं तेच कळेना. माणसाच्या डोळ्यांना भिंतीची, झाडाची, फार तर डोंगराची सवय. इथे पायांसमोर पृथ्वी थांबली होती आणि पलीकडे, फार पलीकडे, पुन्हा सुरू झाली होती, आणि मधल्या जागेत नुसता उजेड होता. मग हळूहळू उजेडाला तळ आला. लाल कडे, त्यांच्या खाली फिकट कडे, त्यांच्या खाली जांभळे, थरावर थर, आणि सगळ्यांच्या खाली एक हिरवी दोरी. ती नदी होती. त्या दोरीने हे सगळं कापलं होतं. एका ढगाची सावली समोरच्या भिंतीवरून सरकत होती, रोंडा तिच्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि सावली अर्धीही पुढे गेली नाही. तेव्हा तिला त्या भिंतीचा आकार कळला. त्यांच्या खालून एक कावळा उडत गेला. उडत्या पक्ष्याची पाठ तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली, उन्हात चकाकणारी.

तिला वाटलं होतं की इथे आलं की आपण क्षुद्र वाटू. तसं झालं नाही. उलट आपणही या 'सगळ्या'त मोजले गेलो आहोत असं वाटलं, त्या खळग्यातल्या तांदळाच्या दाण्यांसारखे. टेटचे शब्द तिला आठवले. तिथे खूप आहे. पोरगं बरोबर बोललं होतं. इतकी वर्षं हे असंच चालू होतं, ती भांडी घासत होती तेव्हा, ट्रकमध्ये रडत होती तेव्हा, हे इथे होतं आणि कोणाचीही वाट बघत नव्हतं.

शेजारी अर्व्हिला काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिने ही जागा पूर्वी पाहिली होती, एकदा, घोडीवरून, मागे वळून वळून बघत. आता तिच्या चेहऱ्यावर आठ वर्षांच्या पोराचा भाव होता.

"हिरवी आहे," ती पुटपुटली. "मी पाहिली तेव्हा लाल होती. वर धरण नव्हतं ना तेव्हा." आणि बऱ्याच वेळाने, "बघ तरी किती आहे."

दोघी त्या रेघेवरच बसल्या. रोंडाने पिशवीतून थर्मास काढला आणि सवयीने पाठ करून झाकणात ओतायला लागली.

"दे घोटभर," अर्व्हिला म्हणाली. "माझ्या बापाच्या खानावळीत दिवसभर उकळत असायची. तुझ्या काखेत थर्मास दिसला तेव्हा वासाने जीव गेला होता माझा."

पानगळीत मार्गो आली. लग्नाच्या आदल्या दिवशी रोंडाने तिचे हात धरून तिला खडकावरून मागे मागे नेलं, रेघेपाशी थांबवलं आणि 'आता' म्हटलं. शब्द न अडखळता आला. मार्गो बघता बघता रडली, तेव्हा रोंडाही तिच्याबरोबर रडली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती. भाजलेल्या बटाट्यांचे ट्रे, हिरवी जेली, सगळं गाव. सेंट जॉर्जहून अर्व्हिलालाही आणलं होतं, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर ताट घेऊन. नव्या सुनेला गावाने विचारायचं ते विचारलं, आणि मार्गोने ऐटीत रोंडाचं नाव सांगितलं. मग गावातल्या एका खवचट म्हातारीला राहवलं नाही. इतकी वर्षं जे पाठीमागे बोललं जायचं ते तिने भर हॉलमध्ये विचारलं. "आणि काय गं कॉफीवाली, तुला कोणी फिरवलं?"

हॉलमधला आवाज जरा खाली आला. डेल्विनने मान खाली घातली.

"सासूने," रोंडा म्हणाली.

सगळ्यांच्या माना अर्व्हिलाकडे वळल्या. म्हातारीने थोडं नाराज होत, पण काहीतरी विचारायलाच हवं म्हणून विचारलं, "असं होय. आणि अर्व्हिला, तुला?"

हा प्रश्न अर्व्हिलाला गावात कोणी कधी विचारला नव्हता. तिने चमचा ताटात ठेवला.

"सुनेने," ती म्हणाली.

लोक हसले. मायेनेच हसले, वय झालं बिचारीचं म्हणून. डेल्विन तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आई, सासूने. सासूने म्हणायचंय तुला."

"मला काय म्हणायचंय ते मला कळतं," अर्व्हिला म्हणाली आणि हॉलच्या पलीकडे उभ्या असलेल्या रोंडाकडे पाहिलं. "सुनेने."